आसिमिनाने न पाहिलेली गुहा

आसिमिनाच्या अंगणात न्याहारीला बसलेला पाहुणा नुसता खाऊन उठला, असं कधी झालं नाही. बकरीच्या दुधाचं चीज, अंजिरं, मध, कडक पाव आणि पितळी भांड्यात उकळलेली कॉफी टेबलावर मांडून झाली, की ओले हात एप्रनला पुसत ती विचारायची, "मग, आज कुठं?" पाहुण्याने नकाशा उघडला, तर ती तो घडी घालून बाजूलाच ठेवायची.

"नकाशा राहू द्या. आधी गुहा. सकाळीच जा, नंतर मजा नाही. पाण्याखाली कुणी दिवा लावून ठेवलाय असं वाटतं. दुपारी माणसासारखं झोपा. ऊन उतरलं की किल्ल्यावर. तिथून सूर्य बुडताना बघितला नाहीत, तर बेटावर आलात कशाला? उद्या पवनचक्क्या, परवा मठ."

हे सगळं ती इतक्या चवीने सांगायची, की पाहुणे अर्धी कॉफी टाकून निघायचे. बंदराच्या वर, पांढऱ्या पायऱ्यांच्या वळणावर तिच्या भाड्याच्या खोल्या होत्या. बंदरातले लोक म्हणत, गुहा दाखवतो सारान्दिस, पण दिसते ती आसिमिनाच्या तोंडून. सारान्दिस तिचा नवरा. त्याची बोट होती आणि तो उन्हाळाभर पाहुण्यांना गुहेत नेऊन आणायचा.

खरी गोष्ट अशी होती, की आसिमिनाने ती गुहा कधी पाहिलीच नव्हती. किल्लाही नाही. मठात ती ऑगस्टमध्ये मेरीमातेच्या सणाला जायची, तेवढंच. ती मूळची बेटाच्या पलीकडच्या टोकाची, मेंढपाळांच्या गावातली. लग्न होऊन बंदरात आली आणि खोल्यांना जुंपली. ईस्टर उलटला की पाहुणे सुरू. चादरी काढा, चादरी धुवा, चादरी घाला. पाहुणे गेले आणि तिला उसंत मिळाली, की समुद्र खवळलेला असायचा आणि बोट किनाऱ्यावर उलटी टाकलेली असायची. अशी वर्षं गेली. मुलगी शिकून पिरेयसच्या मोठ्या बंदरात नोकरीला लागली, आसिमिनाचे केस पिकले. गुहेबद्दल नवऱ्याला विचारावं तर तो म्हणायचा, "पाणी आहे. निळं आहे." मग ती परत आलेल्या पाहुण्यांना खोदून खोदून विचारायची. एकाकडून पाण्याखालच्या दिव्याची उपमा मिळाली, दुसऱ्याकडून मोरपिसाच्या रंगाची. एकाचं ऐकलेलं ती दुसऱ्याला सांगायची, आणि सांगता सांगता तिलाही वाटायला लागलं होतं, की आपण जाऊन आलोय.

त्या जूनमध्ये मुख्य भूमीवरच्या वोलोस शहरातून पोलिक्सेनी नावाची बाई आली. सत्तरीच्या आसपासची, ताठ कण्याची, हातात पांढरी काठी. कपडे शिवण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. डोळ्यांच्या आजाराने नजर हळूहळू गेली. आता उजेड आहे की नाही एवढंच कळायचं. भाची तिला जहाजावर बसवून देऊन परत गेली होती.

पहिल्या सकाळी ती न्याहारीला बसली, तेव्हा आसिमिना नुसतीच कॉफी ओतत राहिली. आंधळ्या बाईला काय सांगायचं, कुठं जा म्हणून? पण शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याने विचारलं, आणि आसिमिना सवयीने सुरू झाली. पोलिक्सेनीने अंजीर हातातच धरून सगळं ऐकून घेतलं.

जोडपं गेल्यावर ती 'बाईसाहेब' म्हणावं तशा अदबीने म्हणाली, "किरिया आसिमिना, मला गुहेत न्याल?"

"माझा नवरा नेतो की. तो हात धरून बसवेल तुम्हाला, काही काळजी करू नका."

"तुमचा नवरा काल सामान घेऊन वर आला तेव्हा 'पायरी' एवढं एकच बोलला. मला तुम्ही हव्यात. आत्ता सांगितलंत ना, तसं तिथं बसून सांगा. मी पंचेचाळीस वर्षं रंग बघितलेत, मला कळेल."

खोल्या आहेत, चादरी आहेत, ती म्हणाली. पोलिक्सेनी म्हणाली, "चादरी काय पळून जाताहेत?"

दुसऱ्या दिवशी आसिमिना चर्चला जाताना घालायचे बूट घालून, पोलिक्सेनीला हाताशी धरून धक्क्यावर उतरली. सारान्दिस दोर सोडत होता. त्याने वर बघितलं.

"काय गं? घरी काही झालं?"

"काही नाही झालं. मी येतेय."

"कुठं?"

"हिमालयात. सरक, हिला बसू दे."

बोटीत आणखी पाच-सहा पाहुणे होते. आसिमिनाने एका हाताने फळी धरली आणि दुसऱ्याने पोलिक्सेनीचा दंड. कोण कुणाला सांभाळतंय हे सांगणं अवघड होतं. कड्याखाली आल्यावर सारान्दिसने इंजिन बंद केलं आणि "डोकी" म्हणून ओरडला. सगळे वाकले. बोट एका बुटक्या भोकातून आत सरकली, आणि आसिमिनाने मान वर केली.

"हं, सांगा," पोलिक्सेनी म्हणाली.

"पाण्याखाली कुणी दिवा..." आसिमिनाने सुरुवात केली आणि ती थांबली. तसं काहीच नव्हतं. दिवा एका जागी असतो. हा उजेड कुठूनच येत नव्हता आणि सगळीकडे होता. वल्हं पाण्यात बुडालं की तेवढं वल्हं चांदीचं व्हायचं. तिचे स्वतःचे हात, धुण्याच्या सोड्याने चिरलेले, कुणा दुसऱ्याच बाईचे वाटत होते. इतकी वर्षं हे इथं होतं, घरापासून एवढ्याशा अंतरावर.

"किरिया आसिमिना?"

"मला सांगता येत नाहीये," ती हळूच म्हणाली. "मी आयुष्यात पहिल्यांदा आलेय इथं."

पोलिक्सेनी हसली. "मला वाटलंच होतं. तुम्ही सगळं सांगितलंत, पण वास सांगितला नाहीत. केवढा वास आहे इथं! ओल्या दगडाचा, आणि शेवाळाचा. आलेला माणूस तो विसरेल कसा?"

आसिमिनालाही हसू आलं. "सगळे डोळेवालेच सांगत आले ना मला."

"असू दे. आता दुसऱ्यांचं नको. तुला काय दिसतंय, ते सांग." पोलिक्सेनी 'तू'वर आली होती, आणि आसिमिनाला ते बरं वाटलं.

तिने आजूबाजूला बघितलं. "छतावर पाण्याची जाळी हलतेय. तू शिवणकाम करायचीस ना? झिरझिरीत कापड झटकल्यावर कसं होतं, तशी. आणि माझा नवरा निळा झालाय. दाढीसकट. बाजारात संध्याकाळपर्यंत उरलेल्या माशासारखा दिसतोय."

बोटीतल्या ज्यांना भाषा कळत होती ते खो खो हसले. सारान्दिस हसला नाही. तो बायकोकडे बघत राहिला होता.

धक्क्यावर परतल्यावर, सगळे उतरून गेल्यावर, त्याने विचारलं, "'पहिल्यांदा आलेय' असं का म्हणालीस? तू आली होतीस ना, लग्न झालं त्या वर्षी? लाल रुमाल बांधून पुढं बसली होतीस."

आसिमिना वळली. "ती तुझी बहीण होती, सारान्दिस. मी घरी अंडी तळत होते."

एवढं बोलून ती पायऱ्या चढून गेली. त्या दिवशी तिने त्याच्यासमोर ताट ठेवलं, पण शब्द ठेवला नाही. रागापेक्षा तिला वेगळंच काही झोंबत होतं. नवऱ्याच्या आठवणीत ती बोटीत होती. तो खोटं बोलत नव्हता. तिला न नेताच त्याने तिला नेऊन टाकलं होतं.

सकाळी ती उठली तेव्हा सारान्दिस स्वयंपाकघरात होता. तिचा एप्रन त्याच्या पोटावर जेमतेम पोचला होता आणि तव्यावर अंडी करपत होती.

"बोट?" तिने विचारलं.

"बांधलीय."

"भर जूनमध्ये? डोकं फिरलं का तुझं?"

"त्या बाईला किल्ला दाखव," तो अंड्यांकडे बघत म्हणाला. "चादरी मी करतो."

"तुला चादरीची उलट-सुलट कळते का?"

"तू जा गं, माझी आई. जा."

दोघी बसने वरच्या गावापर्यंत गेल्या आणि तिथून चालत निघाल्या. वाट दगडी आणि घसरडी होती. पोलिक्सेनी काठीने दगड चाचपत होती, आसिमिना दम खात होती आणि दर वळणावर म्हणत होती, "लोकांना मी इथं हसत हसत पाठवते! शिव्या घालत असतील मला." रस्त्यात ओव्याचा वास आला तेव्हा तिने तो मुद्दाम सांगितला. पोलिक्सेनी म्हणाली, "वास मला येतो गं, तू बाकीचं बघ."

किल्ला म्हणजे पडक्या भिंती, एक कोरडं टाकं आणि वारा. आसिमिनाला वाटलं होतं त्याच्या निम्माही नव्हता. पण भिंतीच्या कडेला गेल्यावर खाली सगळं बंदर दिसलं, काडेपेट्या मांडल्यासारखं. ती आपलं घर शोधायला लागली.

"सापडलं. अगं पोलिक्सेनी, आमची गच्ची दिसतेय. तो वर आहे!"

"कोण?"

"माझा कॅप्टन. चादरी वाळत घालतोय. आडवी नाही घातली, उभी घातलीय. आता ती वाऱ्याने... गेली. मनोलियोसच्या कॉफीच्या दुकानावर पडली. आता तो धावतोय. बंदरातले सगळे बाहेर आलेत, हात वर करून त्याला काहीतरी ओरडताहेत."

"काय ओरडत असतील?"

"आणखी काय! 'कॅप्टन, शिडं उभारलीस की काय?' म्हणत असतील." ती हसत होती, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. पोलिक्सेनीला ते आवाजावरून कळलं असणार. तिने पिशवीतून पाव काढला. दोघी भिंतीला टेकून पाव आणि ऑलिव्ह खात बसल्या.

पोलिक्सेनी जुलै लागेपर्यंत राहिली. त्या पवनचक्क्यांकडे गेल्या, मठात गेल्या. एका दुपारी सारान्दिस दोघींना बोटीने मागच्या बाजूच्या वाळूवर घेऊन गेला आणि, कुणी विचारलं नसताना, वाटेतल्या प्रत्येक कड्याचं नाव सांगत राहिला. खोल्यांमध्ये थोडी धूळ साचली. एका पाहुण्याने तक्रार केली. आसिमिनाने त्याला झाडू कुठं असतो ते दाखवलं.

नोव्हेंबरमध्ये, खोल्या बंद झाल्यावर, आसिमिना एकटी वोलोसला गेली. मुलीचं बाळंतपण आणि एकदा दाताचं दुखणं सोडलं, तर बेटाबाहेर जायचं तिला कधी कारण पडलं नव्हतं, आताही नव्हतं. पोलिक्सेनी जहाजाजवळ काठी टेकून उभी होती. तिने आसिमिनाचा हात धरला आणि तिला आपलं शहर दाखवायला निघाली. इथं माझं शिवणाचं दुकान होतं, इथं वळायचं, आता डावीकडे बेकरीचा वास येईल. समुद्राकाठच्या एका दुकानात त्या बसल्या. द्राक्षाच्या दारूबरोबर तळलेल्या कोळंबीच्या छोट्या बश्या येत राहिल्या. पलीकडे डोंगरावर पहिलं बर्फ पडलं होतं. आसिमिनाने ते पोलिक्सेनीला सांगितलं. पोलिक्सेनी म्हणाली, उद्या आपण त्या डोंगरावरच्या गावात जाऊ, तिथं चुलीवरचं डुकराचं मांस फार छान मिळतं, फक्त अंगात काहीतरी जाड घाल.