दोन सेकंदांची वाट

पेन्शन कार्यालयातल्या काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं आपोआप उमटत होती. कीबोर्डला कुणाचाच हात नव्हता. दाखले पाहून प्रत्येक पेन्शनरच्या पानावर ‘हयात’ किंवा ‘मयत’ लिहायचं हे काम एरवी जोशीबाई करतात. आज ते मी, प्रशिक्षणाला आलेल्या मुलीनं, लिहिलेला प्रोग्राम दाखल्यांच्या यादीवरून करत होता.

“पुढचं पान उघडलं की नाही, हे त्याला कळतं?” बाईंनी विचारलं.

“दोन सेकंद थांबतो, बाई.”

“आणि मशीननं तीन घेतले तर? आधीच्याच पानावर लिहील की! जित्या माणसाला मारशील गं!”

मी घाबरून प्रोग्राम थांबवला.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. चुकेन म्हणून वर्गात उत्तर देतानाही मी अडखळते, आणि त्याची मला लाज वाटते. पण यंत्रासाठी प्रोग्राम लिहिताना मी ही भीती त्याच्यात घालायची विसरले होते.

झालेली बावीस पानं आम्ही पुन्हा उघडली. अकराव्यावर बाराव्याचं ‘मयत’ पडलं होतं. बाईंच्या हातातल्या हयातीच्या दाखल्यावर अकराव्या पानावरच्याच आजोबांचा कालचा अंगठा होता, शाई बोटाला लागेल असं वाटण्याइतका ताजा.