कप्तानाच्या दोन ओळी

कप्तान भाव करत नसे. इथे आखातात, नईम भागातल्या माझ्या जुन्या फर्निचरच्या दुकानात तो पहिल्यांदा आला, तेव्हा एका खुर्चीची किंमत मी सवयीने दुप्पट सांगितली. त्याने निमूट खिशात हात घातला. मी भडकलो. घासाघीसच नसेल तर दुकान उघडायचं कशाला? शेवटी मीच किंमत उतरवली, तीही ओरडून. "शेठ," तो म्हणाला, "रागावून स्वस्त विकणारा पहिलाच बघतोय."

खुर्ची त्याने घेतली, नेली मात्र कधीच नाही. दर शुक्रवारी येऊन तीत बसायचा. तसा तो कप्तान नव्हताच. सित्राच्या गोदीत जहाजांची इंजिनं दुरुस्त करणारा, क्रीट बेटावरचा ग्रीक मेकॅनिक. मिशीमुळे नाव पडलं होतं.

मांडीवर तो लिरा उभी धरायचा. तीन तारांची, सारंगीची धाकटी बहीणच. त्याच्या बेटावर लग्नाबारशाला दोन यमकी ओळी जागच्या जागी रचून समोरच्याला चिमटा काढतात. चाल फिरून यायच्या आत त्याने तशाच दोन ओळींत परतफेड करायची. अडला तो हरला. रत्नागिरीकडच्या शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जवाबांत वाढलेल्या मला हे शिकवायला नको होतं. तो ग्रीकमध्ये गाऊन मोडक्या हिंदीत अर्थ सांगे:

शेठच्या डोक्यावर ठेवा किटली,
चहा उकळेल, गॅसची चिंता मिटली.

मी मराठीत ठोकून द्यायचो आणि तसाच अर्थ सांगायचो:

कप्तानाच्या मिशीत चिमणीने घातली अंडी,
एसीतसुद्धा पिल्लांना वाजेना थंडी.

दुकानात भाव न करणारा हा माणूस इथे तसूभर हटत नसे.

माझं दुखणं त्याला ठाऊक होतं. पुतणीचं लग्न दादाने मला न कळवता उरकलं. आधी फोन त्याने करायचा, यावर मी अडून होतो. वर्षं गेली.

काम संपलं, कप्तान परत निघाला. निरोपाला त्याने लिरा काढली:

दोन हट्टी बसले फोनपाशी, आधी कोण करी?
फोन म्हातारा झाला, हट्ट तरुण अजून तरी.

मी तोंड उघडलं. चाल फिरून आली. पुन्हा आली. "खलास, शेठ," म्हणत त्याने गज खाली ठेवला. "खुर्ची विकू नकोस."

संध्याकाळपर्यंत उत्तर सुचेना. त्या संतापातच मी फोन लावला.

"बरा आहेस ना रे?" दादा घाबरून म्हणाला.

"एका ग्रीकाकडून हरलो."

दादाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ओळी पुन्हा सांग. बघतो मी त्याच्याकडे."

आता दर शुक्रवारी त्या खुर्चीत बसून मी दादाबरोबर फोनवर उत्तर जुळवतो. अजून जमलेलं नाही. आधी फोन मला करायला लावला, याचा कप्तानावरचा राग मात्र कायम आहे.