पुढच्या चाकाचा ब्रेक

दुष्काळाच्या त्या वर्षी गावातली निम्मी जनावरं चारा छावणीत गेली आणि त्यांच्यामागं आमच्या सहकारी संस्थेचं दूधही तिकडं गेलं. मी संस्थेची सचिव. दूध मोजायचं, फॅट बघायची, कॅन टेम्पोत चढवून द्यायचे. छावणी गावापासून पाच-सहा किलोमीटरवर, माळ उतरून तलावाच्या कोरड्या पात्रात होती. मोटारसायकल मला येत नव्हती. मग बैठकीत ठरलं आणि माझ्यासाठी जाड टायरची गेअरची सायकल आली, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असलेली. पस्तिशीतली बाई असली सायकल चालवते म्हणून गाव चार दिवस हसलं आणि पाचव्या दिवशी विसरलं.

मला मात्र ती लई आवडायची. माळाच्या उतारावर दोन बोटं दाबली की ती शहाण्यासारखी थांबायची.

एका सकाळी समोरून पाण्याचा टँकर आला. त्याला वाट द्यायला गेले ती थेट कालव्याच्या वाळलेल्या चारीत. मला कोपराला खरचटलं तेवढंच, पण पुढच्या चाकाची रिम पार वाकली. तीन दिवसांनी टेम्पोत घालून सायकल दिंद्रुडला नेली. तिथं सायकलीचं दुकान चालवणारे एक आप्पा होते. कपाळावर भस्माचे पट्टे, हात कोपरापर्यंत ग्रीसचे. त्यांनी चाक फिरवून बघितलं.

"ह्ये आता सरळ हुत न्हाई. परळीला नवं मिळंल. पर थांब, काय बघून आणायचं ते सांगतो."

एवढ्यात परळीची एसटी आली. "छब्बीसचंच ना? कळलं," म्हणत मी पळाले.

परळीच्या दुकानात चांदीसारखं चमकणारं चाक मिळालं. मी सव्वीस इंचाचा आकडा वाचला आणि घेतलं. परतीच्या गाडीत ते मांडीवर धरून बसले होते. शेजारची बाई सारखी त्याच्या तारांवरून बोट फिरवत होती.

आप्पांनी चाक हातात घेतलं, मधला हब बघितला आणि हसले.

"ताई, चाक चांगलं हाय. पर तुझ्या सायकलीचं न्हाई."

"कावून? छब्बीसचंच तर हाय."

त्यांनी वाकलेलं चाक शेजारी ठेवलं. जुन्या हबला सहा भोकं होती, त्यांत सहा बोल्टांनी पोलादी तबकडी बसवलेली. नव्या हबला भोकंच नव्हती. "तुझा ब्रेक ह्या तबकडीला धरतो. तबकडी बसवायला जागाच न्हाई, मग धरंल कशाला?"

मला रडूच आलं. सकाळ-संध्याकाळ माळ पायी तुडवून तीन दिवस झाले होते. "मागचं चाक पुढं लावलं तर?" मी विचारलं.

"मागं काय लावशील मग? शिवाय त्याचा आस रुंद असतो, पुढं बसायचा न्हाई."

"पुढचा ब्रेक नसला तरी चालंल आप्पा. मागचा हाय की."

आता मात्र त्यांचा आवाज चढला. "त्या उतारावर? मी बसवूनच देणार न्हाई."

ते सायकलीपुढं उकिडवे बसले. मग पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरची धूळ फडक्यानं पुसली. दोन्ही बाजूंना बोटाएवढ्या लोखंडी खुंट्या होत्या. मी इतके दिवस चालवत होते, पण त्या कधी नीट बघितल्या नव्हत्या.

"बनवणाऱ्यानं डिस्क आन रबर, दोन्ही ब्रेकची सोय ठिवली हाय," आप्पा म्हणाले. "आन तुझ्या नव्या चाकाची कड बघ. रंग न्हाई, गुळगुळीत हाय. रबर घासायलाच केलेली."

भंगारातल्या एका सायकलीचे रबरी ब्रेक काढून त्यांनी त्या खुंट्यांवर बसवले. मूठ तीच ठेवली, तार नवी ओढली. पहिल्यांदा रबर टायरला घासायला लागलं, तेव्हा ते केसभर खाली घेतलं. काढलेलं डिस्कचं सामान कागदात बांधून माझ्या हातात दिलं. "पुढं रबर, मागं डिस्क. दिसायला न्हाई बरं, पर थांबंल."

दुसऱ्या दिवशी उतारावर आले. निम्म्यात मूठ दाबली. चाक चर्रकन ओरडलं, सायकल दोन हात सरकली आणि थांबली. परत सोडली, परत थांबवली. असं पाच-सहा वेळा केलं. खालून छावणीतल्या बाया बघत होत्या.

त्यांत माझी सासूही होती. दोन म्हशी घेऊन आत्याबाई दीड महिना तिथंच राहत होत्या. मी जवळ गेल्यावर म्हणाल्या, "थांबती का न्हाई ते सारखं बघत व्हतीस व्हय?"

"व्हय आत्याबाई."

"थांबती ना? मग आज मला घरी घिऊन चल. म्हशींकडं शेजारीण बघंल. डोक्यावरनं आंघोळ करायचीय मला."

चढावर दोघी पायी चाललो. सपाटीवर त्या कॅरिअरवर बसल्या, माझा पदर मुठीत घट्ट धरून. गावाजवळच्या छोट्या उतारावर मी हळूहळू ब्रेक दाबत गेले. रबर ओरडलं तसं त्या मोठ्यानं हसल्या. त्यांचं असं हसणं मी कितीतरी दिवसांनी ऐकलं.

घरी टँकरच्या पाण्यातल्या दोन बादल्या मी राखून ठेवल्या होत्या. त्यांचे केस मी धुऊन दिले. मग आम्ही दोघी ओट्यावर बसून गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.