गोधडीआडचा ड्रम

हल्ली मोठ्या कार्यक्रमांत ड्रमवाल्याभोवती पारदर्शक भिंत उभी असते, ड्रमचा दणदणाट गायकाच्या माइकमध्ये शिरू नये म्हणून. ती दिसली की मी मुलांना हटकून सांगते, "असली भिंत आमी नव्वदच्या दशकात खांदेश्वरला उभी केली होती, गोधड्यांची!" मुलं डोळे फिरवतात. फिरवू देत.

आमचा हौशी ऑर्केस्ट्रा होता आणि त्यात ड्रम मी वाजवायचे. पोरगी ड्रम बडवते म्हटल्यावर तेव्हा कौतुकापेक्षा कुजबुजच जास्त व्हायची. एका सोसायटीने कार्यक्रमाला बोलावलं. हॉल बुटका, वर पत्रा. तालमीत मी पहिला ठोका दिला आणि गायकाने कानांवर हात ठेवले. "एक तर ही वाजवेल, नाहीतर मी गाईन," म्हणाला. भाव खायची त्याला सवयच होती, पण त्या दिवशी त्याचं खरं होतं. त्याचा एक शब्द कळत नव्हता. मग मी घरून कपडे वाळत घालायचे स्टँड आणले, त्यांवर आईने शिवलेल्या जाड गोधड्या टाकल्या आणि ड्रमभोवती आडोसा केला. आवाज झकास दबला. मी स्वतःवरच खूश.

कार्यक्रम रंगला. मी जीव ओतून वाजवत होते. एक गाणं संपलं आणि मागून कुणीतरी ओरडलं, "ओ, ड्रमची कॅसेट लावलीय काय? वाजवणारा कुठाय?" अख्खा हॉल हसला. मी स्टिक उंच करून हलवली, तर आणखीच हसले. रागाने मला रडू फुटायच्या बेतात होतं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आई उठली. जन्मात कधी स्टेजवर न चढलेली बाई तरातरा वर आली आणि तिने समोरची गोधडी खसकन ओढली. "कॅसेट न्हाई, माझी लेक हाय ही!"

गायक कुरकुरला, "मावशी, आवाजाचं काय?"

आई माझ्याकडे वळली. "हळू वाजवता येतं का न्हाई तुला?"

येत होतं. तसं कुणी मागितलंच नव्हतं कधी. पुढचं गाणं मी असं वाजवलं की गायकाचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. इतकं सुंदर मी पुन्हा कधी वाजवलं नाही, आणि हे सांगताना मला अजिबात लाजायला होत नाही.

शेवटी निवेदकाने वादकांची ओळख करून दिली. माझं नुसतं नाव घेतलं. मीच त्याला तसं सांगून ठेवलं होतं. आडनावावरून आम्ही बौद्ध आहोत हे कळायचं, आणि मग काही चेहरे बदलायचे. टाळ्या सुरू झाल्या, तशी आई खालून मोठ्याने म्हणाली, "आडनावासकट सांग."

निवेदक विचारायला माझ्याकडे वळला. मी उठून त्याच्या हातातला माइक घेतला आणि पूर्ण नाव स्वतःच सांगितलं.