हँडल कोणी मारायचं?

बंगलोरला राजाजीनगरात आमच्या कोपऱ्यावर मोटारींच्या वायरिंगचं काम करणारे एक अण्णा होते. बॅटरीच्या ॲसिडने शर्टाला भोकं पडलेली. गिऱ्हाइकाचं सगळं "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणत ऐकून घ्यायचे आणि मग करायचे आपल्याच मनाचं. मला त्याची चीड यायची.

मी कारखान्यात इंजिनियर. हँडल मारून सुरू होणारी जुनी मोटार घेतली होती आणि तिच्यात विजेवरचं सगळं मला हवं होतं. किल्लीने गाडी सुरू करणारा सेल्फ, इंडिकेटर, डोक्यावर पंखासुद्धा. मी यादीच दिली.

"सरी," अण्णा म्हणाले. "चालवणार कोण?"

"मीच."

"आणि अक्का?" मागे बसलेल्या माझ्या बायकोकडे बघत त्यांनी विचारलं.

"शिकले होते," ती म्हणाली. "पण दर वेळी हँडल मारायला यांना बोलवायचं. शेवटी नाद सोडला."

अण्णांनी यादी मला परत दिली. "सेल्फ बसवतो. वळताना हात दाखवा, उकडलं तर काच उघडा. अडतंय तिथं करंट द्यायचा साहेब, उगाच सगळीकडे कशाला?"

चार दिवसांनी आम्ही दोघं गाडी न्यायला गेलो. किल्लीसाठी मी हात पुढे केला. अण्णांनी किल्ली तिला दिली आणि माझ्या हातात हँडल ठेवलं. "बॅटरी बसली तर लागेल. सांभाळा."

एका दमात इंजिन सुरू झालं. खिडकीतून तिचा बांगड्यांचा हात बाहेर आला आणि गाडी उजवीकडे वळून दिसेनाशी झाली.

"येतील परत," अण्णा म्हणाले.

हँडल घेऊन उभा असलेला मी म्हणालो, "सरी."