सरांच्या नावावरची काळी पट्टी

संदर्भ कसे द्यावेत याची कार्यशाळा आमच्या ग्रंथालयात दरवर्षी होते. धुळ्याला देवपुरातल्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे, आणि ही कार्यशाळा मीच सुरू केली. विद्यार्थ्यांना संशोधनाची शिस्त लागावी म्हणून, असं मी अहवालात लिहिते. खरं कारण सूड.

जळगावला एम.ए. करताना मी सावद्याच्या अक्कांकडून वहीभर शब्द गोळा केले होते. अक्का सावद्याला आमच्या घरामागच्या गल्लीतल्या, जन्मभर केळीच्या बागांत राबलेल्या. केळ निसवण्याआधी, म्हणजे घड बाहेर पडण्याआधी, पान कसं दिसतं, घड वाकला की काय म्हणायचं, बुंध्याशी फुटलेली पिलं कधी कापायची, याचे बायका-बायकांतले शब्द त्या सांगत आणि मी ओट्यावर बसून लिहून घेई. त्यावर माझा प्रबंध झाला. काही वर्षांनी माझ्या मार्गदर्शक सरांनी त्याच प्रबंधाचा लेख करून छापला. वाक्यं माझी, उदाहरणं माझी, नाव त्यांचं. आभारातसुद्धा मी नव्हते. जाब विचारायला गेले तर म्हणाले, "अहो, विद्यार्थ्याचं काम म्हणजे मार्गदर्शकाचंच की!" त्या दिवशी मी संशोधन सोडलं. सरांना मात्र सोडलं नाही.

कार्यशाळेत तो लेख मी पडद्यावर दाखवायचे, सरांच्या नावावर काळी पट्टी लावून. मुलं एकेक चूक शोधायची आणि माझ्या जिवाला गार वाटायचं. शेवटचं पान तेवढं मी कधी दाखवलं नव्हतं. ते राखून ठेवलं होतं.

यंदा प्राचार्यांनी पाहुणे म्हणून नेमकं त्याच सरांना बोलावलं. मी एका शब्दानंही विरोध केला नाही. फक्त पट्टी काढून टाकली.

"मॅडम, बठ्ठा हॉल भरी गया," आमचे शिपाई नाना सांगून गेले. शाल-श्रीफळ झालं. सर पहिल्या रांगेत बसले. पडद्यावर स्वतःचं नाव दिसल्यावर त्यांनी आधी समाधानानं मान हलवली. कौतुक चाललंय असं वाटलं असावं. मी सरळ शेवटच्या पानावर गेले.

तिथे नोंद होती: मुलाखत, अक्का, सावदा. पुढे तारीख. लेख ताजा वाटावा म्हणून सरांनी तारीख बदलून टाकली होती.

"या तारखेच्या दोन वर्षं आधी अक्का वारल्या," मी म्हणाले. "मी त्यांच्या दहाव्याला होते. मग सरांनी मुलाखत कुणाची घेतली?"

मागे खसखस पिकली. सर मांडीवरचं श्रीफळ उगाच इकडून तिकडे करू लागले. इतकी वर्षं मी याच क्षणासाठी जगत होते, आणि तो मला फार गोड लागला. पुरावा म्हणून आणलेला माझा प्रबंध मी सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.

तेवढ्यात सावद्याचीच एक मुलगी उठली. "मॅडम, मग बरोबर नोंद कशी लिहायची? या अक्कांचं नाव काय? आमच्याकडे तं गल्लोगल्ली अक्का हायेत."

"माझ्या प्रबंधात आहे ना," म्हणत मी पान उघडलं. तिथे छापलं होतं: अक्का, सावदा. तारीख तेवढी खरी होती. उन्हाळाभर त्यांच्या ओट्यावर बसून त्यांच्या हातचा चहा प्याले, आणि एवढ्या मोठ्या बाईला नाव कसं विचारायचं म्हणून कधी विचारलंच नाही. सगळे अक्का म्हणायचे, मीही अक्काच लिहिलं. सर माझ्याकडे बघत होते. ते हसले असते तर बरं झालं असतं.

रविवारी मी सावद्याला गेले. अक्कांच्या सुनेनं पूर्ण नाव सांगितलं, मी वहीत लिहून घेतलं. वही मिटत होते तेव्हा ती म्हणाली, "सासूबाई होत्या तव्हा काबरं नाही इचारलं?"

सरांना मी माफ केलेलं नाही. त्यांचा लेख पुढच्या वर्षीही दाखवीन, नावासकट. त्याच्या शेजारी माझ्या प्रबंधाचं ते पान असेल, आणि पट्टी माझ्या नावावरही नसेल.