शालीक वल्द गणू, मूळ रा. बोरटोला

पार्वताबाईंना ऐंशी वर्षं झाली, पण बापाचं नाव त्यांनी चांगल्या तोंडानं कधी घेतलं नव्हतं. त्या चार वर्षांच्या असताना तो घरातून गेला, तो गेलाच. "पळून गेलता," एवढंच त्यांची आई रुख्मा सांगायची. पुढं काही विचारलं की चुलीत फुंकर मारत बसायची, जाळ चांगला असला तरी.

मागच्या वर्षी नात साक्षीच्या जात पडताळणीसाठी अल्कानं, म्हणजे पार्वताबाईंच्या सुनेनं, गोंदियाच्या कचेरीतून जुना कागद काढून आणला. त्यावर साक्षीच्या पणज्याच्या बापाचं नाव होतं. अल्कानं ते वाचून दाखवलं. म्हातारीला अक्षर येत नाही, तरी कागद हातात घेऊन ती बराच वेळ बघत बसली.

"अल्का, माह्या बापाचाबी असा निंघल का वो?"

"आता कायले, आत्याबाई? त्याच्यावर तं राग हाय ना तुमचा?"

"राग हाय म्हणूनच. मेला कुठं, गाडला कुठं, काही पत्ता नाही. मंग कुठं जाऊन रागावू?"

अल्का हो म्हणाली. हो म्हणताना तिला माहीत होतं की हे आपल्यालाच ओढावं लागणार. नवरा केवळराम कामावरून येतो तो खाटेवर पडतो. तिचं स्वतःचं बावन्न वर्षांचं वय, गुडघ्यांत वारं, घरचं दोन वेळचं, आणि पौर्णिमेला विहारात अष्टशील. पण म्हातारीनं आजवर सुनेकडं काही मागितलं नव्हतं.

जुन्या काळी गावात कोणी जन्मलं, कोणी मेलं की कोतवाल खबर द्यायचा आणि ती वहीत उतरायची. त्या वहीला कोतवाल पंजी म्हणतात. कचेरीच्या मागच्या खोलीत अशा वह्यांची गाठोडी लाल फडक्यात बांधून ठेवलेली. त्या खोलीत मुन्नालाल बसायचे. निवृत्तीला आलेले, बोलायला हिंदी, आणि धुळीनं कायम शिंकत.

"कौन से साल में मरे?"

"माहीत नाही, भाऊ."

"कहाँ मरे?"

"तेच तं शोधून राहिलो."

"मतलब कब मरे पता नहीं, कहाँ मरे पता नहीं. मरे हैं, ये तो पक्का है ना?"

"जिवंत असते तं एकशे पाच-सहाचे असते."

"फिर तो पक्का है," मुन्नालाल म्हणाले आणि अर्ज पुढं सरकवला.

चार महिने गेले. अल्का सकाळचा स्वयंपाक उरकून निघायची, कधी मुन्नालाल जागेवर नसायचे, कधी वही दुसऱ्या टेबलावर गेलेली असायची, कधी वही असायची आणि वीज नसायची. पानं अशी की बोट लावलं तरी कोपरा हातात यायचा. पार्वताबाईंचं माहेर खैरीटोला. त्या गावची बारा वर्षांची मयत तिनं ओळ न् ओळ वाचली. ताप, हगवण, देवी, साप चावून, ताप, ताप. दुसऱ्यांची किती मरणं वाचावी माणसानं! पार्वताबाईंचा बाप शालीक त्यात कुठंच नव्हता.

"मरने का नहीं मिलता तो जनम का देखो," एक दिवस मुन्नालालच म्हणाले. "लड़की का जनम तो वहीं का है ना? उसमें बाप का लिखा रहता है."

सन चव्वेचाळीसच्या पानावर ते सापडलं. *मुलगी. बाप शालीक वल्द गणू, हल्ली रा. खैरीटोला, मूळ रा. बोरटोला.* म्हणजे गणूचा मुलगा शालीक, मूळचा बोरटोल्याचा.

संध्याकाळी म्हातारीला सांगितलं तर ती म्हणाली, "माहं नाव नाही लिवलं?"

"नुसतं 'मुलगी' लिवलं हाय."

"बरं. मुलगी तं होतीच." मग थांबून, "बोरटोला? माय तं म्हणे का तो बालाघाटकडचा होता. बोरटोला तं सालेकशाच्या पल्याड, जंगलाले लागून. एवढ्या जवळचा होता?"

अल्काला तेव्हाच काहीतरी खटकलं. गोंदिया-सालेकसा गाडीनं तासाभराचा रस्ता, खैरीटोल्याहूनही तेवढाच. एवढ्या जवळ सासर असलेली बाई, नवरा गेल्यावर एकदाही तिकडं विचारायला जाणार नाही?

बोरटोल्याची वही निघायला आणखी तीन आठवडे गेले. निघाली तेव्हा शोधावंही लागलं नाही. सन अठ्ठेचाळीस, सप्टेंबरची नऊ तारीख. *शालीक वल्द गणू, वय तीस. कारण महारोग. खबर देणार बायको रुख्मा, रा. खैरीटोला.*

तिनं ती ओळ तीनदा वाचली. पळून गेला म्हणून जी सांगत राहिली, तीच मेल्याची खबर द्यायला कोतवालापुढं उभी होती.

"मिल गया?" मुन्नालालनी विचारलं. "मिल गया तो रो क्यों रही हो, बाई?"

"रडत नाही, भाऊ. थकली."

घरी तिनं सांगितलं, अजून पुरा उलगडा झाला नाही. ते खोटं नव्हतं. चार दिवसांनी ती पॅसेंजरनं सालेकशाला उतरली, तिथून ऑटोनं बोरटोल्याला गेली. त्या काळच्या कोतवालाचा मुलगा ईश्वरदास अजून होता, पडवीत मोहाची फुलं निवडत बसलेला. शालीक म्हटल्यावर त्यानं हातातलं काम ठेवलं.

"रगतपितीवाला शालीक? त्याची तुमी कोण?"

"त्याच्या पोरीची सून."

"पोरगी हाय अजून?" म्हातारा खुलला. "मी तवा दोन वर्साचा. पण माह्या बापानं सारं सांगतलं हाय. अंगावर चट्टे उठले, बोटं वाकली, तवा तो आपल्या मनानं गावी वापस आला. भावांनी घरात घेतला नाही. मंग तलावाच्या पाळीच्या पल्याड झोपडी घालून राहिला. बायको दर बाजारी ये. भाकर-तांदूळ पाळीवर ठेवे आन अल्याडच बसे. दोघंबी तिथूनच बोलत."

"आन मेल्यावर?"

"माह्या बापानं खड्डा खणला, तिनं दगड वाहून आणले. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून. जाताना माह्या मायचे पाय धरले तिनं. म्हणे, बाई, कोणाले सांगजो नोको. माही पोरगी हाय घरी, उद्या तिले बायको कोण करल?"

ईश्वरदासनं तिला तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, नेलं. पलीकडं पळसाची झुडपं, आणि त्यांच्या मधे दगडांचा एक बसका ढीग.

"गावच्या मसनवटीत पुरला असता तं आज दाखवता नसता आला," तो म्हणाला. "तिथं एकावर एक किती गेले. याले तिथं जागा देली नाही, म्हणून हा सापडला."

त्यानंतरचे आठ दिवस अल्काला फार जड गेले. म्हातारी रोज विचारायची, "आलता का कागद?" जागा तेवढी सांगावी, रोगाचं नाव घेऊ नये, असं तिनं ठरवून पाहिलं. पण मग एकटा का पुरला, हे काय सांगायचं? आणि रुख्माचं काय सांगायचं? एक झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं. रोज सकाळी बुद्धवंदना म्हणताना चौथ्या शीलावर तिची जीभ अडखळायला लागली. मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही, हे ज्या तोंडानं म्हणायचं, त्याच तोंडानं म्हातारीला काय सांगायचं? नवव्या दिवशी अंबाडी निवडता निवडता तिनं सगळं सांगून टाकलं. रोग, झोपडी, पाळीवरची भाकर, दगड, कोणाला सांगू नको म्हटलं ते, सगळं.

पार्वताबाईंचे हात थांबले नाहीत. पानं एकीकडं, देठं एकीकडं.

"माय मरेपावतर कुकू लावे," त्या शेवटी म्हणाल्या. "दर सणाले नवा चुडा भरे. लोकं हसत तिले, पळून गेलेल्याचा चुडा म्हणून. एक डाव मीबी हासली."

अल्कानं निवडलेली पानं आपल्याकडं ओढली.

"तिले माहीत होतं तो मेला म्हणून. रांडमुंड होऊन मोकळी रडलीबी नाही. कायले? तं माहं लगन व्हावं म्हणून." त्यांनी देठांची मूठ सुपात टाकली. "आन मी सत्तर-पंच्याहत्तर वर्सं बापाले शिव्या देल्या. सांगाले काय झालतं तिले? लगन झाल्यावर तं सांगती! मेली तवा तं सांगती!"

दोन दिवस त्या घुश्शातच होत्या. आईवर रागावल्या होत्या की स्वतःवर, हे अल्काला समजलं नाही आणि तिनं विचारलंही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पांढरं लुगडं नेसून त्या दारात बसल्या. "मले ने."

केवळराम म्हणाला, "माय, तुले रस्ता जमल का?" त्या म्हणाल्या, "तू चूप बस. तुले कोण ने म्हणून राहिलं?"

बोरटोल्यात ईश्वरदासनं खुर्ची काढली, पाणी दिलं. पाळीच्या पायथ्याशी जाईपर्यंत पार्वताबाई तीनदा बसल्या. पाळ कमरेपेक्षा जरा उंच, पण चढ उभा. अल्कानं हात दिला, ईश्वरदासनं मागून आधार दिला. दोन पावलं चढून म्हातारीचे पाय लटपटायला लागले.

"राहू दे," त्या म्हणाल्या आणि तिथंच टेकल्या. "माय इथंच बसत असन ना? अल्याड?"

"हो, पाळीच्या अल्याडच," ईश्वरदास म्हणाला.

त्यांनी जमिनीवर हात फिरवला. मग पायाजवळची माती उकरली, चांगली मूठभर, आणि अल्काच्या ओंजळीत घातली. "तू जा. माह्या नावानं टाक. आन त्याले सांग का पोरीले आता समजलं."

अल्का चढली. पल्याड उतरली. पळसाच्या झुडपांतून वाट काढत ती त्या ढिगाशी पोचली, माती टाकली. आजेसासऱ्याला काय म्हणून हाक मारायची, हेच तिला सुचेना. सासऱ्यांशीही ती कधी समोर बोलली नव्हती. शेवटी पदर डोक्यावर घेतला, त्रिशरण म्हटलं, आणि हळूच म्हणाली, "बुवा, तुमच्या पार्वतीले समजलं. ती खाली बसली हाय. चढता नाही येत तिले."

ती परतली तेव्हा म्हातारी तशीच बसून होती, हात मातीनं भरलेले.

"सांगतलं?"

"सांगतलं."

"कोणतं नाव घेतलं माहं?"

"पार्वती म्हणली."

"बरं केलं," पार्वताबाई म्हणाल्या. "तिथं नुसतं 'मुलगी' म्हणून चाललं नसतं." आणि उठण्यासाठी हात वर केला.